विस्मृत समाधि आणि त्यांचे वारस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा सोहळा. देवळाला नवा रंग चढला आहे, वेदीवर फुलांच्या माळा आहेत, वाजंत्री सज्ज आहेत. आणि अशा मंगल प्रसंगीं आम्हांस बोलावयास सांगितलें असतां आम्हीं विषय निवडला तो कबरींचा! हें ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. लग्नघरीं मसणवटीच्या गोष्टी कोणी काढीत नाहीं. परंतु क्षणभर विचार केला असतां असें दिसून येईल कीं, ज्या पन्नास वर्षांचा आपण उत्सव मांडला आहे, त्या वर्षांचे खरे मानकरी या मांडवांत बसलेले नाहींत. ज्यांनीं भाजीच्या पाट्या डोक्यावर वाहून मिळालेल्या पैशांतून देवळाची वर्गणी दिली, ज्यांनीं पायाचे दगड उचलले, ज्यांनीं आपल्याला हाताला धरून पहिल्यानें मिस्सेला नेलें, ते देवळामागल्या भूमींत निजले आहेत. उत्सवाची आमंत्रणपत्रिका घरोघर पोहोंचली; तेवढी त्यांच्याकडे पोहोंचली नाहीं. ती पोहोंचवावी, एवढ्याचसाठीं आम्ही आज उभे आहों.

मृतांस मूठमाती देणें हें आपल्या पवित्र मातेनें, ख्रिस्तसभेनें, सात शारीरिक दयाकृत्यांपैकीं एक मानलें आहे. भुकेल्यास अन्न आणि तहानेल्यास पाणी देणें यांच्याच पंक्तीला तिनें हें कृत्य बसविलें. याचें मूळ फार जुनें आहे. निनवे नगरांत बंदिवासांत राहणारा वृद्ध तोबीत हा सणाच्या दिवशीं भरल्या ताटावरून उठला आणि रस्त्यांत पडलेल्या आपल्या देशबांधवाचें शव झांकून आला, ही कथा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. त्याहूनही मागें गेलें तर अब्राहामाची गोष्ट. ईश्वरानें त्याला सारा देश देऊं केला होता. परंतु सारा निवर्तली तेव्हां तिला ठेवावयास त्याच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती. त्यानें चारशें शेकेल चांदी तोलून देऊन मकपेलाची गुहा विकत घेतली. म्हणजे वचनदत्त देशांत त्या कुलाच्या मालकीची पहिली जमीन कोणती? तर कबरीची. शेत मागून आलें, घर मागून आलें. आधीं आपल्या माणसाला ठेवण्याची जागा आली. ज्या भूमींत आपलीं माणसें पुरलेलीं आहेत तीच आपली भूमि, हा धडा आपल्या धर्माच्या पहिल्याच ग्रंथांत दिलेला आहे.

रोम शहराखालील भुयारी कबरस्तानांची हकीकतही या ठिकाणीं सांगण्याजोगी आहे. पहिल्या कांहीं शतकांतील ख्रिस्ती लोकांनीं जेथें आपले मृत व हुतात्मे ठेविले, तीं भुयारें पुढें इतकीं विसरलीं गेलीं कीं, वर द्राक्षांचे मळे लागले आणि खालीं काय आहे हें मळेवाल्यासही ठाऊक नव्हतें. सन १८४९ मध्यें जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी या तरुण संशोधकास अशाच एका मळ्यांत संगमरवराचा फुटका तुकडा आढळला. त्यावर नांवाचीं शेवटचीं कांहीं अक्षरें आणि पुढें हुतात्मा हा शब्द एवढेंच उरलें होतें. त्यानें त्या अर्ध्या नांवावरून ताडलें कीं, ही पोप कॉर्नेलियुस यांची शिळा असावी. त्यानें नववे पायस यांस तो मळा विकत घेण्याविषयीं विनविलें. मळा घेतला गेला, शोध चालू झाला, आणि सन १८५४ मध्यें तिसऱ्या शतकांतील कित्येक पोपांचें समाधिस्थान उजेडांत आलें. एक फुटका दगड कोणीतरी नीट वाचला म्हणून एवढें झालें. तो तुकडा एखाद्या गवंड्यानें भिंतींत चिणला असता तर? हा प्रश्न मनांत धरून आपण आतां आपल्या स्वतःच्या प्रांताकडे वळूं.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, आपल्या भागांतील ख्रिस्ती समाधींचा इतिहास पोर्तुगिजांपासून सुरू होतो. ही समजूत बरोबर नव्हे. पोर्तुगीज येण्याच्या दोनशें वर्षें आधीं, सन १३२१ च्या एप्रिल महिन्यांत, ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन बंधूंनीं धर्मासाठीं प्राण दिले. तोलेंतिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस हीं त्यांचीं नांवें. त्यांचा सोबती जोर्दानुस हा दोमिनिकन धर्मगुरु त्यांच्या मृत्यूनंतर मागें उरला. त्यानें तोबीताचें काम केलें; त्यांचे देह त्यानें सोपारें येथें नेऊन पुरले. पुढें थोड्याच वर्षांत ओदोरिक नांवाचा फ्रान्सिस्कन प्रवासी या किनाऱ्यास लागला. त्यानें त्या अस्थि उकरून आपल्याबरोबर घेतल्या आणि समुद्रमार्गें चीन देशांतील झैतून बंदरीं आपल्या संघाच्या मठांत नेऊन ठेविल्या. आमच्या या किनाऱ्यावरील हुतात्म्यांच्या अस्थींनीं चीनपर्यंत प्रवास केला! परंतु ज्या मातींत त्या प्रथम विसावल्या, ती सोपाऱ्याची जागा आज कोणीही बोट दाखवून सांगूं शकत नाहीं. तेथें क्रूस नाहीं, चौथरा नाहीं. आपल्यापैकीं कित्येकजण दररोज त्या परिसरांतून आगगाडी पकडावयास धांवत असतात.

सोपाऱ्याचें नांव निघालेंच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतों. ती ख्रिस्ती नव्हे, पण आपल्या विषयास फार लागू आहे. सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला आणि अस्थिकरंडक व बुद्धमूर्ति बाहेर काढल्या. त्याच वर्षीं सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथें मिळाला. पुढें सन १९५६ मध्यें नवव्या लेखाचा तुकडा सांपडला. आणि तो कोठें? तर आपल्या भुईगांवांत! जेथें क्रूस आहेत, बावखलें आहेत, केळीच्या बागा आहेत, त्या भुईगांवांत बावीसशें वर्षांपूर्वींचें अक्षर पडून होतें. ज्या दगडांवर आपण पाय पुसून पुढें जातों, त्यांतील कोणता दगड काय बोलेल याचा नेम नाहीं. न वाचलेला दगड आणि नसलेला दगड यांत मात्र फारसें अंतर राहत नाहीं.

आतां वसईच्या किल्ल्याकडे येऊं. सन १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिचा मुलूख पोर्तुगिजांस लिहून दिला. पुढें दोनशें पांच वर्षें त्यांचा अंमल येथें चालला. तटाच्या आंत फ्रान्सिस्कन, जेझुइट, दोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चारही संघांचीं देवळें व मठ उभे राहिले. संत जोसेफ यांच्या नांवाच्या मुख्य देवळावर लेख आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझेस यांच्या कारकीर्दींत, सन १६०१ मध्यें, त्या देवळाची पुनर्बांधणी झाल्याचें तो सांगतो. आज या देवळांचीं छपरें नाहींत. कमानींतून आकाश दिसतें, भिंतींना वड-पिंपळांनीं मिठी घातली आहे. परंतु फ्रान्सिस्कनांच्या देवळांत गेलें असतां पायांखालची जमीन पाहावी. ती जमीन नव्हे. तें कबरस्तान आहे. एका शेजारीं एक अशा लेख कोरलेल्या शिळा तेथें फरशीसारख्या बसविलेल्या आहेत. छप्पर गेल्यामुळें पावसाळ्यामागून पावसाळे त्यांवरून वाहून गेले, गवत वाढलें व वाळलें, आणि सहलीस येणारी मंडळी त्यांवर बसून डबे सोडतात. खालीं कोण आहे याची त्यांस कल्पना नसते. आणि ती कोणीं द्यावी?

या शिळा वाचणें वाटतें तितकें अवघड नाहीं. भाषा पोर्तुगीज, अक्षर रोमन, शब्द एकमेकांस चिकटवून आणि संक्षेप करून कोरलेले. पण साऱ्यांची घडण बहुधा एकच. 'आकी जाझ' म्हणजे येथें विसावला आहे. 'सेपुल्तुरा' म्हणजे कबर. 'मुल्येर' म्हणजे पत्नी. 'फालेसेउ' म्हणजे निवर्तला. आणि 'एरा' या शब्दापुढें जे आंकडे येतात तें साल. पांच-सहा शब्द शिकलेला आपला शाळकरी मुलगाही नांव आणि साल वाचूं शकेल. मूळचे गोव्याचे, मुंबईस वैद्यकी करणारे डॉक्टर जोझे जेर्सन द कुन्या यांनीं सन १८७६ मध्यें चौल व वसई यांवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. नाडी पाहणाऱ्या या गृहस्थानें सवड काढून अवशेषांत हिंडून लेख उतरून घेतले, म्हणून पुढील अभ्यासकांस आधार मिळाला. दगड झिजतो, नीट उतरलेलें टिपण टिकतें.

या शिळांवर एक वाक्प्रचार वारंवार येतो, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. पोर्तुगीज कबरींवर असें लिहिण्याची रीत होती कीं, ही कबर अमक्याची 'व त्याच्या वारसांची'. जागा एकट्यासाठीं नव्हे, तर पुढील पिढ्यांसाठींही राखून ठेविलेली. लिहिणाराच्या मनांत केवढा विश्वास होता पाहा! आपली मुलें येथेंच राहतील, नातवंडें येथेंच मिस्सा ऐकतील, आणि काळ आला म्हणजे याच शिळेखालीं एकामागून एक येऊन निजतील. परंतु सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसई सर केली. शरणागतीच्या तहाप्रमाणें पोर्तुगीज फौज आणि नागरिक जहाजांवर चढून निघून गेले. शिळा तेथेंच राहिल्या. वारस आले नाहींत. 'व त्याच्या वारसांची' हे शब्द ऊन-पाऊस सोसीत तसेच पडून आहेत. ते एका परीनें न फिटलेलें आमंत्रण आहेत.

कोणी म्हणेल, पोर्तुगीज सरदारांच्या कबरींशीं आपला काय संबंध? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देणें अवश्य आहे. एक गोष्ट प्रथम स्पष्ट सांगितली पाहिजे. शिळेवर डिसोजा, परेरा किंवा लोपीस असें आडनांव दिसलें म्हणून तो आपला पूर्वज असें मानूं नये. आपल्या वाडवडिलांस हीं आडनांवें बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळालीं; तीं धर्मपित्याचीं असोत वा धर्मगुरूचीं असोत, रक्ताचीं नव्हेत. किल्ल्यांतील देवळाच्या जमिनींत जागा मिळे ती मुख्यत्वेंकरून सरदारांस, देणगीदारांस आणि धर्मगुरूंस. आपला शेतकरी, आपला वाडवळ, आपला सामवेदी, आपला कोळी हा बाहेर, देवळाच्या आवारांत, मातींत निजला. त्याच्या उशाशीं फार तर लांकडी क्रूस असेल. तो चार पावसाळ्यांत कुजला. ज्यांनीं चुना भाजला, ज्यांनीं दगड वाहिले, ज्यांच्या खांद्यांवरून त्या देवळांचे वासे वर चढले, त्यांचें नांव कोणत्याही शिळेवर नाहीं.

आणि तरीही इतिहासानें केवढा उलटा न्याय केला आहे! ज्यांना शिळा मिळाल्या, त्यांचें तण उपटावयास येथें कोणी उरलें नाहीं. ज्यांना शिळा मिळाली नाहीं, त्यांचे वंशज आज या मांडवांत शेंकड्यांनीं बसले आहेत. किल्ला ओस पडला. गांवें ओस पडलीं नाहींत. सन १७३९ नंतर पापडी, सांडोर, रमेदी, निर्मळ, आगाशी, नंदाखाल या जुन्या धर्मग्रामांत जी श्रद्धा टिकली, ती गव्हर्नरांनीं टिकविली नाहीं. गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनीं, आणि संध्याकाळीं कंदिलापुढें गुडघे टेकून रोझरी म्हणणाऱ्या अनाम आजीबाईंनीं ती टिकविली. त्या आजीबाई कोठें पुरल्या आहेत? कोणास सांगतां येणार नाहीं. आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, भारतभूमींत जन्मलेल्यांपैकीं पहिला संत, याचीही समाधि आपल्या मातींत नाहीं. सन १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस जपानांतील नागासाकी येथें तो क्रूसावर मेला. सन १८६२ मध्यें ख्रिस्तसभेनें त्याला संत म्हणून घोषित केलें. आई वसईची, मुलगा नागासाकीच्या टेकडीवर. त्या आईच्या कबरीचा दगडही आपल्याजवळ नाहीं.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, वारस हा शब्द रक्तापुरता नाहीं. जो आठवण ठेवितो आणि आठवणीचें काम करितो, तोच वारस. किल्ल्यांतील त्या परक्या शिळा कोणाच्या? ज्यांनीं त्याच देवाला त्याच मिस्सेंत हांक मारली त्यांच्या. अर्थात् आज त्या आपल्या. आणि ज्यांना शिळा नाहीं, ते तर दुहेरी आपले.

येथें आणखी दोन शब्द बोलणें इष्ट आहे. सन १७३९ चा उल्लेख झाला कीं, आपल्यांतील कित्येकांच्या मनांत जुनी खंत जागी होते. वसईच्या देवळांतील मानल्या जाणाऱ्या घंटा नाशकास नारोशंकराच्या देवळांत, भीमाशंकरीं, आणि वांईजवळ मेणवलीस आजही टांगलेल्या आहेत. आम्हांस त्यांत कडूपणा वाटत नाहीं. घंटा वितळवून तोफा ओतल्या गेल्या असत्या, तर आज आपणांस काय दिसलें असतें? दुसऱ्याच्या देवालयांत का होईना, त्या मानानें जपल्या गेल्या. आणि त्याच पेशवाईनें पुढें, सवाई माधवरावांच्या काळीं, सन १७९२ मध्यें आपल्या पदरच्या ख्रिस्ती शिपायांसाठीं पुणें येथें देवळास जागा दिली, हेंही स्मरणांत ठेवावें. कबरस्तानांत भांडण न्यावयाचें नसतें. तेथें सर्वांचे दावे निकालांत निघालेले असतात.

विस्मृति केवळ लढाईनें येते असेंही नाहीं. अंधेरीजवळ कोंडिविटें येथें जेझुइटांनीं सन १५७९ मध्यें संत योहान बाप्तिस्ता यांच्या नांवानें देऊळ बांधलें. सन १८४० च्या सुमारास त्या भागांत सांथ आली; लोक गांव सोडून गेले, आणि धर्मग्राम मरोळ येथें हलविण्यांत आला. जुन्या देवळांतील साहित्यही तिकडे गेलें. मागें राहिल्या त्या भिंती आणि माती. सन १९७३ मध्यें तेथें निर्यात-उद्योगांची मोठी वसाहत झाली, आणि चारशें वर्षांचें देऊळ कारखान्यांच्या कुंपणाआड गेलें. आपल्या पूर्वजांच्या देवळाच्या दारीं जावयाचें तर फाटकावर परवानगी मागावी लागावी, असा प्रसंग आला! तरीही तेथील मंडळींनीं धीर सोडला नाहीं; वर्षांतील ठराविक दिवशीं परवानगी घेऊन त्या छप्पर नसलेल्या देवळांत त्यांनीं मिस्सा अर्पिल्या आहेत. वारस असावेत तर असे.

आणि टिपण ठेविलें असतां काय होऊं शकतें, याचा दाखला गोव्यांत आहे. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिनें सन १६२४ मध्यें इराणांतील शिराझ येथें धर्मासाठीं मरण पत्करलें. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनीं तिच्या कांहीं अस्थि सन १६२७ मध्यें जुन्या गोव्यास आपल्या मठांत आणून ठेविल्या. पुढें तो मठ ओस पडला आणि ढांसळला. प्रचंड मनोऱ्याचा अर्धाअधिक भाग कोसळला. परंतु अस्थींची पेटी कोणत्या दालनांत, कोणत्या खिडकीजवळ ठेविली आहे, हें कोणा लेखकानें पोर्तुगीज कागदांत लिहून ठेविलें होतें. त्या आधारानें पुरातत्त्व खात्यानें ढिगारे उपसले. हाताचें एक हाड मिळालें. हैद्राबादच्या शास्त्रज्ञांनीं त्याची वंशपरीक्षा केली, आणि सन २०१३ मध्यें तें राणीचेंच असल्याचा निर्वाळा जाहीर झाला. सन २०२१ मध्यें भारत सरकारनें त्या अस्थीचा अंश जॉर्जियाच्या लोकांस सन्मानपूर्वक अर्पण केला. जवळजवळ चारशें वर्षांनीं राणी घरीं गेली, ती लिहून ठेविलेल्या ओळीच्या बोटाला धरून.

बंधुभगिनींनो, आतां दूरच्या गोष्टी पुरे. आपल्या देवळामागल्या भूमीकडे वळूं. तेथें जागा अपुरी आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. कांहीं वर्षें लोटलीं कीं तीच कबर पुन्हां उघडावी लागते, आंतल्या अस्थि बाजूस काढून ठेवाव्या लागतात, आणि जुना क्रूस व जुनी पाटी काढून नव्या माणसास जागा करून द्यावी लागते. यांत कोणाचा अपराध नाहीं. मातीवर हक्क जिवंतांसारखाच मेलेल्यांनींही वांटून घ्यावा लागतो. परंतु काढलेल्या पाटीचें काय होतें? ती कुंपणाला टेकून उभी राहते, मग आडवी पडते, मग एखाद्या ओढ्यावर पाय ठेवावयास उपयोगी पडते. त्या पाटीवर मराठींत नांव असतें, गांवाचें व आळीचें नांव असतें, कोणा मुलानें आईसाठीं लिहवून घेतलेली एखादी ओळ असते. किल्ल्यांतील सरदारांच्या शिळा चारशें वर्षें टिकल्या. आपल्या आजोबांची पाटी चाळीस वर्षें टिकत नाहीं. ज्यांना पूर्वीं शिळा मिळाली नाहीं, त्यांच्या नातवंडांना ती मिळाली. आणि ती आपण आपल्याच हातांनीं हरवीत आहों. ही गोष्ट आम्हांस किल्ल्याच्या पडझडीहून अधिक लागते.

यास्तव या सुवर्णमहोत्सवी वर्षांत चार कामें व्हावींत, अशी आमची विनंति आहे. त्यांस फार पैसा लागत नाहीं.

पहिलें काम: आपल्या कबरस्तानाची नोंदवही. प्रत्येक क्रूस आणि प्रत्येक पाटी यांचें छायाचित्र घ्यावें, आणि लेख जसाच्या तसा, ओळीस ओळ लावून, चुकीसह उतरून घ्यावा. कोणती कबर कोठें आहे याचा नकाशा काढावा. कोणतीही पाटी हलविण्यापूर्वीं ती वहींत गेली पाहिजे, असा नियमच करावा. वहीची एक प्रत धर्मगुरूंच्या कचेरींत आणि दुसरी अन्यत्र असावी.

दुसरें काम: गांवच्या क्रूसांची यादी. आपल्या प्रत्येक आळीच्या तोंडाशीं क्रूस आहे. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वाड्यांत सन १८९६ च्या प्लेगानंतर, सांथ टळावी म्हणून बांधलेले कित्येक क्रूस आहेत. आपला क्रूस कोणीं, केव्हां, कोणत्या नवसानें बांधला हें सांगणारीं माणसें अजून आहेत. दहा वर्षांनीं नसतील. रस्ता रुंद करणारा आधीं क्रूसाचे कागद मागतो, हें विसरूं नये.

तिसरें काम: म्हाताऱ्यांचें बोलणें. ज्यांस पाटी नाहीं त्यांची पाटी म्हणजे आजीचें तोंड. कोणती कबर कोणाची, कोणत्या सालीं कोणती सांथ आली, तान्हीं मुलें कोठें पुरीत, हें ज्यांस आठवतें त्यांच्याजवळ तरुणांनीं वही घेऊन बसावें. तें त्यांच्याच बोलींत, कादोडींत वा वाडवळींत, लिहून घ्यावें.

चौथें काम किल्ल्यांतील शिळांसंबंधीं आहे आणि तें जपून करावयाचें आहे. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांतील संरक्षित स्मारक आहे, आणि त्यास इजा करणें हा सन १९५८ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां उत्साहाच्या भरांत शिळेवर खडू घांसूं नये, तारेचा ब्रश वा आम्ल लावूं नये. त्यानें अक्षर उठून दिसण्याऐवजीं कायमचें जातें. सकाळीं किंवा सायंकाळीं ऊन तिरपें पडतें, तेव्हां झिजलेल्या अक्षरांस छाया येते आणि तीं आपोआप वाचतां येतात. त्या वेळीं छायाचित्र घ्यावें. दगडास हात लावूं नये. आणि तेथें गेलेल्या प्रत्येकानें निदान एका शिळेवरचें नांव वाचून, त्या नांवानें एक प्रार्थना म्हणावी. डबा मग बाहेर झाडाखालीं सोडावा.

कोणी विचारील, यानें मृतांस काय लाभ? त्यांस आपल्या टिपणवहीची गरज नाहीं हें खरें. त्यांचीं नांवें ज्याच्या वहींत आहेत ती वही पावसानें भिजत नाहीं. गरज आपल्याला आहे. ज्या धर्मग्रामास आपलीं मेलेलीं माणसें ठाऊक नाहींत, त्यास आपण कोण हेंही लौकरच ठाऊक राहत नाहीं. मग जमीन विकावयास वेळ लागत नाहीं, भाषा सोडावयास वेळ लागत नाहीं, आणि शेवटीं देऊळही एक इमारत होऊन राहतें. आपण दर मिस्सेंत मृतांसाठीं विनवितों, दर नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस मेणबत्त्या घेऊन कबरीवर जातों. ती मेणबत्ती आपल्या घरच्या कबरीपाशींच थांबूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. शेजारची जी कबर अंधारांत आहे, जिचा क्रूस पडला आहे, जिच्या वारसांचा पत्ता नाहीं, तिच्यावरही एक मेणबत्ती लावावी आणि मनांत म्हणावें: ही कबर अमक्याची, व आमची.

हा महोत्सव साजरा करणारे आपणही एके दिवशीं त्याच भूमींत जाणार. शताब्दीच्या मांडवांत जे बसतील, त्यांनीं आपणांस आमंत्रण पाठवावें, अशी आपली इच्छा असेल, तर आमंत्रण पाठविण्याची रीत आपणच आज घालून दिली पाहिजे.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामाच्या सर्व मृतांस, ज्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत त्यांस आणि ज्यांचीं कोठेंच लिहिलेलीं नाहींत त्यांसही, चिरशांति देवो. आणि आपणां सर्वांस त्यांचे योग्य वारस करो. आमेन.